द्रवाचं नाव

वाव्हळे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते ग्रंथालयाच्या नव्याकोऱ्या पुस्तकांवर पाणी टाकत होते. परभणीच्या आमच्या महाविद्यालयात ते भौतिकशास्त्र शिकवायला नुकतेच रुजू झाले होते. मी तिथे ग्रंथपाल. त्या वर्षी पुस्तकांना प्लॅस्टिकची कव्हरं घातली होती. सावळा, किडकिडीत, खिशाला दोन पेनं लावलेला हा माणूस माझ्या काउंटरवरच्या तांब्यात बोट बुडवायचा, कव्हरावर थेंब सोडायचा आणि पुस्तक तिरपं करून थेंब कसा घरंगळतो ते डोळे बारीक करून बघायचा.

“अहो, काय करताय हे?” मी ओरडलेच. ग्रंथालयात आवाज चढवण्याची माझी ती पहिलीच वेळ असावी.

“भिजत न्हाई, बाई. बघा की, कसं पळायलंय पाणी!” त्यांनी बाहीने पुस्तक पुसलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. “आत्ता हे धरंना. पण धरायला लावता येतंय. तेच बघायचंय मला.”

दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवरचा तांब्या गेला. प्राचार्यांच्या खोलीत कुणीतरी कुजबुजलं होतं आणि शिपाई येऊन तो घेऊन गेला. बदली म्हणून मला झाकणाची, वरून ओतून घ्यायची सुरई मिळाली. “स्वच्छतेच्या दृष्टीने” असं प्राचार्य म्हणाले. ते हसून म्हणाले. त्या हसण्याची मला पुढे बरीच वर्षं सवय करून घ्यावी लागली, आणि ती सवय काही झाली नाही.

थेंब टाकून बघणं ही सरांची खोड होती. अळूच्या पानावर, एसटीच्या काचेवर, लग्नाच्या पंगतीत मेणकापडावर, एकदा तर मुख्य पाहुण्यांच्या चकचकीत फायलीवरसुद्धा. “धरतंय का ढकलतंय, एवढं आधी बघायचं,” असं ते म्हणत. “बाकी समदं नंतर.” हे ते पदार्थांबद्दल म्हणत आणि माणसांबद्दलही. नवा सहकारी रुजू झाला की चार दिवसांनी त्यांचा अभिप्राय यायचा: “ढकलतंय, बाई. पण गोड ढकलतंय.”

मूळ गाव ताडकळस. वडील रेल्वेच्या गँगमध्ये, चुडाव्याच्या स्टेशनावर. सर सांगत, लहानपणी पहाटे वडिलांबरोबर रुळांवरून चालताना त्यांना दिसायचं की दव काही ठिकाणी थेंब होऊन बसतं आणि काही ठिकाणी ओल होऊन पसरतं. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, “तेल सांडलंय तिथं पाणी बसत न्हाई, बाळा.” सर म्हणायचे, “तेवढंच माजं भौतिकशास्त्र. बाकीचं पुस्तकातलं.” वर्गातही ते असेच बोलत. सुरुवातीला पोरं हसली. सर त्यांना म्हणाले, “यंत्राला भाषा कळत न्हाई रे. मंग कुणासाठी बदलू?” पोरांचं हसणं थांबलं. स्टाफरूममधलं कधीच थांबलं नाही.

स्टाफरूममध्ये सगळ्यांचा चहा स्टीलच्या पेल्यांत यायचा. सरांचा काचेच्या ग्लासात. “सर, तुम्हाला काचेतला चहा आवडतो ना,” असं कुणीतरी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं, आणि मग तो ग्लास वेगळा विसळला जायचा, वेगळ्या कोनाड्यात पालथा घातला जायचा. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत ज्यांनी घरं पेटवली त्यांचा द्वेष निदान दिसत तरी होता. सरांच्या आत्याचं घर त्यात गेलं होतं. पण इथे पदव्या घेतलेली, समतेवर निबंध तपासणारी माणसं, आणि त्यांची ही मधात बुडवलेली घाण. मला त्या कोनाड्याकडे बघवत नसे. एकदा मी सरांना विचारलं, तुम्ही काही बोलत का नाही. त्यांनी ग्लासच्या काठाला बोट लावलं, थेंब टाकला, तो पसरू दिला.

“काच लय चांगली धरतीय पाण्याला, बाई. स्टीलपेक्षा चांगली. त्यांनी मला चांगलाच ग्लास दिलाय, त्यांना म्हाईत न्हाई.”

मी हसले. पण घरी जाईपर्यंत तोंडाला कडू चव होती.

त्यांच्या संशोधनाचा विषय टेफ्लॉन. तो काय असतो हे त्यांनी मला नॉनस्टिक तव्यावरून सांगितलं. माझ्या भाचीच्या लग्नात तसा तवा आहेर म्हणून आला होता. “त्या तव्यावरचा काळा थर असतोय ना, तेच. शुद्ध असला की पांढरा, मेणासारखा. हा जगातला सगळ्यात सोवळा पदार्थ हाय, बाई. पाण्याला शिवत न्हाई, तेलाला शिवत न्हाई, डिंकाला शिवत न्हाई. आत बघाल तर कार्बनच, आपला कोळसा. वरून फ्लोरिनचं सोवळं नेसून बसलाय.”

“मग?”

“मंग त्याच्यावर क्ष-किरण सोडायचे. किरणानं त्याचं सोवळं फिटतंय. फ्लोरिन सुटून जातोय, हवेतला ऑक्सिजन येऊन बसतोय, अन् पाण्याला टेकायला जागा मिळती. आतला पदार्थ तसाच. फक्त वरचा पापुद्रा बदलायचा.”

आणि तोही सगळा नाही. त्यांना पट्टीवर हवा तेवढाच भाग बदलायचा होता. किरणांच्या वाटेत पितळी जाळी धरायची. जाळीच्या तारांखाली सावली पडते, तिथला टेफ्लॉन सोवळा राहतो. भोकांतून किरण जातात, तिथला पाणी धरायला लागतो. जाळी जितकी बारीक तितकी नक्षी बारीक. “नखाएवढ्या जागेत कालवे काढता येतील,” ते सांगत आणि माझ्या टेबलावर बोटाने कालवे काढत. “रक्ताचा एक थेंब सोडायचा, अन् तो आपल्या वाटेनं जाऊन चार ठिकाणी तपासला जाईल. खेड्यात दवाखाना न्हाई, पण पट्टी खिशात मावती की.” हे बोलताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. असलं काही परभणीत बसून करता येईल यावर विश्वास ठेवणारे बहुधा आम्ही दोघेच होतो, आणि मी तरी केवळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघून.

पट्टी हैदराबादहून आली. जाळी मिळाली माती चाळायच्या चाळणीची. प्रश्न क्ष-किरणांचा होता. दवाखान्यातलं यंत्र क्षणभर चमकतं. सरांना तासन्‌तास चालणारं हवं होतं. तसं यंत्र गावातल्या शेतीच्या एका संस्थेत होतं, मृदा विभागात. आमच्या काळ्या मातीत कोणती चिकणमाती आहे हे त्यावर बघत. विभागाचे प्रमुख गोरेपान, भारदस्त, कायम परीटघडीच्या कपड्यांतले. सगळे त्यांना अण्णासाहेब म्हणत. त्यांनी सरांना रविवारी यंत्र वापरायची परवानगी दिली. “वाव्हळे आपलाच माणूस आहे,” असं ते चारचौघांत म्हणत. खोलीची किल्ली मात्र ते टेबलावर ठेवत. सरांनी हात पुढे केला असला तरी टेबलावरच.

त्या खोलीत दोनतीनदा मी गेले होते. मुंबईच्या एका ग्रंथालयातून सरांसाठी परदेशी लेखांच्या प्रती मी मागवत असे, त्या द्यायला. यंत्राची नळी तापते म्हणून तिच्याभोवती सतत पाणी खेळवावं लागे. रविवारी टाकी रिकामी असायची. मग सर आणि तिथले शिपाई शंकरमामा हौदावरून बादल्या आणून वरची टाकी भरत. शंकरमामा जाडजूड, कमी बोलणारे, गळ्यात तुळशीमाळ. रविवारचा त्यांना भत्ता नव्हता, तरी यायचे. खोलीत एक दर्प असे. आंबूस, नाकात बसणारा, वर उदबत्तीचा वास. पहिल्यांदा मी पदर नाकाला लावला.

“मागं गोठा हाय, बाई,” सर म्हणाले. “शेतीची संस्था म्हणल्यावर वास येणारच.”

शंकरमामा बादली उचलून बाहेर गेले.

वर्षं गेली. कधी वीज नाही, कधी पाणी नाही, कधी नामांतराचा बंद, कधी त्याच्या विरोधातला बंद. विद्यापीठाला बाबांचं नाव द्यायचा ठराव होऊन माणसं मेली होती, आणि नाव अजून लागलं नव्हतं. सरांचा पीएच.डी.चा प्रबंधही असाच रखडला. पट्टीवर पाणी धरायचं, पण नक्षी उमटायची नाही. थेंब जाळीच्या सावलीतही पसरायचा, कडा फिसकटायच्या. “बांध फुटायलाय,” सर म्हणायचे. “कुठंतरी माजंच चुकायलंय.”

मग त्या जानेवारीत संक्रांतीला नामांतर झालं. सर नाचले नाहीत की घोषणा दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि स्टाफरूममध्ये एकेकाच्या पुढे तिळगुळाचा डबा धरला. संक्रांतीचा तिळगूळ नाही म्हणता येत नाही. सगळ्यांनी घेतला. “गोड बोला, वाव्हळे सर,” असंही म्हणाले. संध्याकाळी मी ग्रंथालय बंद करत होते तेव्हा स्टाफरूमबाहेरच्या केराच्या टोपलीकडे मुंग्यांची रांग दिसली. आत कागदांत गुंडाळलेले लाडू होते. एकात एक कोंबलेले. एका कागदावर आमच्या समाजशास्त्राच्या प्राध्यापकांचं सुंदर, टपोरं अक्षर होतं. टोपली मी स्वतः मागे नेऊन ओतली, सरांच्या नजरेला पडू नये म्हणून.

सरांना त्या दिवसांत फक्त एकच गोष्ट दिसत होती. “उशीर झाला ते बरंच झालं, बाई. आधी झालो असतो डॉक्टर तर पदवीवर जुनं नाव आलं असतं. आता बाबांचं नाव येईल. माजं नाव खाली, त्यांचं नाव वर. एकाच कागदावर.” हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं. एरवी एक गोष्ट दोनदा न सांगणारा माणूस.

त्यानंतरच्या एका रविवारी त्यांनी नवीन पट्टी लावली. दिवसभर किरण दिले. संध्याकाळी जाळी काढली आणि तेवढ्यात वीज गेली. पट्टी पकडीत उभी होती, पकडीचे स्क्रू घड्याळाच्या स्क्रूएवढे. अंधारात ते सोडवणं शक्य नव्हतं. एरवी सर प्रत्येक पट्टी डबीत घालून घरी नेत. त्या दिवशी ती तशीच उभी राहिली. वाटेत माझ्या घरावरून जाताना त्यांनी सांगितलं, “सकाळी कचेरी उघडायच्या आत सोडवून आणतो. तुमी पण या, ती नवीन प्रत घेऊन.”

सोमवारी सकाळी आम्ही दोघं तिथे पोचलो तर खोलीचं दार उघडं होतं. तो दर्प त्या दिवशी अंगावर आला, ताजा, ओला. शंकरमामा यंत्रापुढे उभे होते. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात आंब्याचा डहाळा. यंत्राच्या पत्र्यावरून पिवळे ओघळ खाली येत होते. टेबलावर, खुर्चीवर, सर बसायचे त्या स्टुलावर शिंतोडे.

मग सरांनी विचारलं, “काय हाय मामा, तांब्यात?”

“गोमूत्र, सर.” मामांनी खाली बघितलं. “हळद घातलेलं.”

“आज काय हाय? सण?”

“न्हाई, सर.” मामांनी डहाळा तांब्यात उभा केला. “दर सोमवारी करावं लागतंय. सायबाचा हुकूम हाय. तुमी येऊन गेल्यावर.”

दर सोमवारी. म्हणजे त्या सगळ्या वर्षांत. गोठ्याचा वास म्हणून आम्ही नाकाने जे घेत होतो ते हे होतं. पत्र्याच्या सांध्यांत, स्टुलाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलेलं. क्ष-किरणांचं यंत्र, अणूंच्या रचना दाखवणारं, आणि त्याला हा अभिषेक. आणि हे करायला सांगणारा माणूस रविवारी “आपलाच माणूस” म्हणून किल्ली द्यायचा. मी दाराची चौकट धरली.

सर मात्र पट्टीकडे बघत होते.

ते हळूच पुढे गेले, खिशातलं भिंग काढलं आणि गुडघ्यावर बसले. “बाई,” ते म्हणाले. आवाज बदलला होता. “बाई, इकडं या. वाफे पडलेत.”

मी भिंगातून पाहिलं. उभ्या पट्टीवर शिंतोडे उडाले होते. जिथे किरण लागले नव्हते तिथून ते घसरून गेले होते, डाग नाही, काही नाही, तिथली पट्टी दुधासारखी पांढरी. जिथे जाळी होती तिथे मात्र बारीक बारीक पिवळे चौकोन, आणि चौकोनांच्या मध्ये स्वच्छ पांढरे बांध. एकही बांध फुटलेला नव्हता. मिरचीला पाणी दिल्यावर वाफे भरतात तसे ते भरलेले होते.

“मी पट्टी आडवी ठेवून थेंब टाकायचो,” सर स्वतःशीच बोलत होते. “म्हणून फुटायचे. उभी ठेवायला पायजे होती! जादाचं पाणी वाहून गेलं, धरायचं तेवढंच धरलं.” आणि मग ते हसायला लागले. गुडघ्यावर बसूनच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “मामा, लय उपकार झाले बघा तुमचे!”

मला सरांचं हसणं सहन होईना. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

सरांनी ती नक्षी प्रबंधात लिहायला घेतली. ग्रंथालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून ते लिहीत. पदवीसाठी दोन गोष्टी राहिल्या होत्या: आणखी बारीक जाळीचा एक प्रयोग, आणि यंत्र वापरल्याच्या प्रमाणपत्रावर अण्णासाहेबांची सही. आठवड्याभरात अण्णासाहेब स्वतःच आले. त्यांना बातमी लागली होती.

“वाव्हळे! मुबारक हो! कमाल केलीत.” ते खुर्ची ओढून बसले. मी समोरच कार्डं लावत होते. “फक्त एक विचारायचं होतं. तो द्रव काय म्हणून लिहिलाय तुम्ही?”

“गोमूत्र, साहेब. हळद घातलेलं.”

“अहो, बाहेरचे परीक्षक वाचतील. काय म्हणतील? ‘रंगीत द्रव’ लिहा. बात खतम.”

“द्रवाचं नाव लिहावं लागतंय, साहेब. न्हाईतर दुसऱ्यानं करून कसं बघायचं?”

“कुणाला करून बघायचंय हे!”

“कुणालाबी. त्यालाच शास्त्र म्हणत्यात.”

अण्णासाहेबांनी रुमालाने ओठ टिपले. “आणि तो तिथे कसा आला, तेही लिहिणार?”

“न्हाई, साहेब,” सर शांतपणे म्हणाले. “ते भौतिकशास्त्रात येत न्हाई.”

कार्डांच्या खणात मान घालून मी हसू दाबलं. अण्णासाहेब हसले नाहीत. त्यांचा आवाज आणखी गोड झाला, आणि तो गोडवाच मला जास्त किळसवाणा वाटला. “गैरसमज करून घेऊ नका. यंत्राची पूजा ही श्रद्धेची बाब आहे. आमच्याकडे नांगराचीही करतात.”

“नांगराची दसऱ्याला करत्यात. ही दर सोमवारी हुती.”

“बरं, असं करा. नवी पट्टी घ्या, शाई टाकून सगळं पुन्हा करा. यंत्र रविवारीच काय, कधीही वापरा. सही आजच देतो. फक्त ते वाक्य काढा, आणि ती पट्टी माझ्याकडे द्या.”

“शाई टाकून करतो की. तेबी लिहितो. पण पहिलं काय पडलं तेबी लिहितो. दोन्ही लिहितो, साहेब.”

“पहिलं काढा.”

टेबलावर सरांचा काचेचा ग्लास होता. त्यांनी त्यात बोट बुडवलं, सनमायक्यावर थेंब सोडला आणि त्याच्याकडे बघत राहिले. अण्णासाहेब उठून गेले तेव्हाही ते थेंबाकडेच बघत होते.

मी त्यांना म्हणाले, “सर, एक शब्द आहे. इतकी वर्षं घातलीत. लिहून टाका आणि मोकळे व्हा. पदवी तर मिळेल, त्या नावाची.”

“त्या नावाची म्हणूनच तर,” ते म्हणाले. “दुसरी कुठली असती तर कदाचित लिहिलंबी असतं, बाई. पण वर ते नाव, अन् आत मी गोमूत्राला रंगीत द्रव म्हणायचं? जे पयल्यांदा डोळ्यांनी बघितलं तेच गाळलं, तर पुढचं समदं कशावर उभं करू?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी अण्णासाहेबांना नकार कळवला. त्या आठवड्यात यंत्र ‘दुरुस्तीसाठी’ बंद झालं. मृदा विभागाचं काम त्यावर रोज चालू होतं. बंद असायचं फक्त रविवारी. सरांनी औरंगाबादला विचारलं, हैदराबादला विचारलं. कुठे यंत्र होतं तर वेळ नव्हता, कुठे वेळ होता तर “तुमच्याकडे आहे ना” असं उत्तर. स्टाफरूममध्ये सगळे हळहळले. “थोडं जमवून घ्यायला हवं होतं,” समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले. “इतका ताठा बरा नव्हे.” ताठा! दहाबारा वर्षं वेगळ्या ग्लासात चहा पिणाऱ्या माणसाला.

सरांचं थेंब टाकणं त्या उन्हाळ्यात कमी झालं. वर्गात ते पूर्वीसारखेच शिकवत. एकदा मला म्हणाले, “बाई, टेफ्लॉनला किरण जास्त दिले ना, की तो पिठूळ होतोय. हात लावला की भुगा. पयल्यांदा पाणी धरायला लागतोय, मंग स्वतःच टिकत न्हाई.” आता वाटतं, ते पदार्थाबद्दलच बोलत होते. त्यांना उगाच दुसरं काही सुचवायची सवय नव्हती.

पोळा होऊन गेल्यावर ते एसटीने गावाकडे निघाले होते. ताडकळसच्या अलीकडे, बसल्या जागी, खिडकीला डोकं टेकून गेले. कंडक्टरला वाटलं झोप लागली आहे.

शोकसभा महाविद्यालयाच्या सभागृहात झाली. टेबलावर फोटो, टेबलाला नवं, फुलाफुलांचं प्लॅस्टिकचं आच्छादन. पुढच्या खुर्चीवर सरांच्या पत्नी, इंदूबाई. त्या चुडाव्याच्या शाळेत शिक्षिका होत्या. पांढरं लुगडं, मांडीवर पिशवी. पिशवीत रुमालात गुंडाळलेली ती पट्टी होती. त्यांनी मला आत जाताना दाखवली होती. पिवळा रंग जरासाही उतरला नव्हता.

माणसं बोलली. ज्यांनी तिळगूळ टोपलीत टाकला ते समतेवर बोलले. प्राचार्य सरांच्या “स्वच्छ चारित्र्या”वर बोलले. मी ओठ घट्ट मिटून बसले होते, तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची खात्री नव्हती. शेवटी अण्णासाहेब उठले. शंकरमामा त्यांचा हार परडीत घेऊन मागे उभे होते. अण्णासाहेबांनी हार फोटोला घातला, चष्मा काढून डोळे पुसले.

“वाव्हळे आपलाच माणूस. आमच्याच यंत्रावर त्यांनी तो शोध लावला. शोध कसा लागतो बघा! एके दिवशी योगायोगाने कुठलासा रंगीत द्रव त्या पट्टीवर पडला, आणि...”

“रंगीत न्हवतं, सायेब.”

आवाज मोठा नव्हता. परडी हातात धरून शंकरमामा फोटोकडे बघत बोलत होते.

“गोमूत्र हुतं. हळद घातलेलं. दर सोमवारी मीच शिपडायचो, सर येऊन गेले की. तुमीच सांगितलं हुतं.”

अण्णासाहेबांचं तोंड अर्धवट उघडं होतं. मी एकेक चेहरा बघत गेले. कोणीतरी मान खाली घालेल, कोणीतरी लाल होईल, निदान कोणीतरी चिडेल. प्राचार्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि माइकपाशी आले.

“वेळेअभावी आपण आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या.”

सगळे उभे राहिले. हात पुढे बांधलेले, डोळे मिटलेले, चेहरे गंभीर. मिनिटं संपली आणि खुर्च्या सरकवत माणसं पावसाविषयी, मुगाच्या भावाविषयी बोलू लागली. शंकरमामा परडी घेऊन एकटेच दाराकडे गेले. त्यांच्यासाठी लोकांनी वाट सोडली, जरा जास्तच मोठी.

मग चहा आला. ट्रेमध्ये स्टीलचे पेले, आणि एका कडेला एकच काचेचा ग्लास. शिपायाने तो सवयीने इंदूबाईंच्या पुढे, फोटोच्या टेबलावर ठेवला. त्याला कोणी सांगितलंही नसेल. इतक्या वर्षांचा हात त्याचा.

इंदूबाईंनी ग्लासकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांना सगळं माहीत होतं. सर घरी सगळं सांगत, हसत सांगत.

“हे म्हणायचे, काच लय चांगली धरतीय,” त्या म्हणाल्या.

त्यांनी चहात बोट बुडवलं आणि टेबलावरच्या त्या नव्या आच्छादनावर एक थेंब सोडला. थेंब गोल झाला, फुलांवरून घरंगळत कडेपर्यंत गेला आणि खाली पडला.

“न्हाई धरत,” त्या म्हणाल्या, आणि पिशवी काखेत धरून उठल्या.